गच्चीचं कोटेशन सही करण्याआधी

मे महिना लागला की सोसायटीच्या कमिटीपुढे वॉटरप्रूफिंगची तीन-चार कोटेशनं येऊन पडतात. ढाळ, कोबा, वाटा, कोपिंग, मेम्ब्रेन, पाँडिंग असे शब्द त्यांत ओळीनं असतात आणि बहुतेक सभासदांची नजर थेट शेवटच्या आकड्यावर जाते. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, ठाणे-डोंबिवलीकडच्या गळक्या गच्च्या तपासणं हे माझं रोजचं काम. लोकांनी घाम गाळून जमवलेला दुरुस्ती निधी दोन पावसाळ्यांत वाहून गेलेला मी पाहते आणि जीव तुटतो. हे शब्द माहीत असते, तर त्यातले बरेच पैसे वाचले असते.

सुरुवात ढाळापासून. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी साठतं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या हिशोबानं तेवढ्याच गच्चीवर ८७ हजार लिटर. एवढं पाणी लवकर पाइपाच्या तोंडाशी पोचलं, तर निम्मं वॉटरप्रूफिंग तिथंच झालं. त्यासाठी शंभराला एक, म्हणजे दहा मीटरला दहा सेंटीमीटर एवढा उतार, म्हणजेच ढाळ, लागतो. कोकणातल्या कौलारू घरांना हा प्रश्न पडत नाही. आढ्यापासून वळचणीपर्यंत पाखं तीव्र उतरतं, पाणी कौलावर थांबतच नाही, आणि पावसाआधी शाकारणी करून फुटकी कौलं बदलली की काम झालं. सपाट स्लॅब ओतला की तो उतार आपल्याला हातानं घडवावा लागतो.

तो घडवतो कोबा. आपल्याकडे सर्वाधिक चालतो तो विटांच्या तुकड्यांचा. आधी स्लॅब खरवडून, धुऊन, त्यावर सिमेंटची स्लरी मारतात. मग पाण्यात भिजवलेले विटांचे तुकडे मसाल्यात उभे बसवत जातात आणि मधल्या फटी वॉटरप्रूफिंगचं रसायन घातलेल्या मसाल्यानं भरतात. वीट कोरडी राहिली, तर ती मसाल्यातलं पाणी शोषून घेते आणि जोड कच्चा राहतो. हे उन्हात, घाईत, हमखास घडतं. वर सिमेंटचा गुळगुळीत थर देतात, त्यावर दोरीनं चौकोन पाडतात किंवा चायना मोझॅकचे पांढरे तुकडे बसवतात. शेवटी पाणी साठवून तो सात-आठ दिवस तरी भिजत ठेवायचा. कोब्याचा दुसरा गुण म्हणजे स्लॅबवरचं ऊन तो पुष्कळ अडवतो. पण साडेचार इंची कोब्याचं वजन दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर जातं. जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवू, असं कोटेशनमध्ये लिहिलेलं दिसलं, की मी स्पष्ट नकार देते. जुना फोडायचा, राडारोडा खाली उतरवायचा आणि मगच नवा घालायचा. खर्च वाढतो, पण इमारतीच्या खांबांवर अकारण ओझं पडत नाही.

आता वाटा. गच्चीची जमीन आणि पॅरापेट, म्हणजे कठड्याची भिंत, जिथं मिळतात, त्या काटकोनात मसाल्यानं केलेली गोलाई म्हणजे वाटा. कोबा तिथं वळवून भिंतीवर फूटभर चढवतात. स्लॅब उन्हानं प्रसरण पावतो, रात्री आकसतो, शेजारची विटांची भिंत वेगळी हलते, आणि चीर पडते ती नेमकी इथं. डोंबिवलीतल्या एका सोसायटीत वरच्या मजल्यावरच्या आजींच्या घरात पंख्याच्या कडीपाशी पाणी टपकायचं. कमिटी त्या खोलीच्या बरोबर वरच्या भागावर दर उन्हाळ्यात पांढरा कोट मारून घ्यायची. "अगं, रंग तर दरवर्षी काढतात, मग पाणी येतंय कुठून?" आजींनी मला विचारलं. मी कोबा हातोडीनं ठोकत गेले. खोलीच्या वर तो भरीव वाजत होता. दूरच्या पॅरापेटला मात्र वाटा सुटला होता, फटीत पोस्टकार्ड जाईल इतका. पाणी तिथून शिरून कोब्याखाली स्लॅबवर पसरत होतं आणि विजेच्या तारांच्या पाइपातून पंख्याशी उतरत होतं. ही साधी गळती नव्हती, जिवाला धोका होता. पाण्याची वाट चोराच्या वाटेसारखी असते, शिरतं एकीकडून आणि निघतं भलतीकडून. म्हणून छताला ओल दिसली, की आधी गच्चीचा पॅरापेट, वाटा आणि पाइपाचं तोंड तपासावं.

पॅरापेटच्या माथ्यावरच्या कोपिंगला आतल्या बाजूला उतार हवा, नाहीतर बाहेरच्या भिंतीवर काळे ओघळ उतरतात. छज्ज्याच्या खालच्या कडेला एक खाच ठेवतात, तिला ड्रिप मोल्ड म्हणतात. तिच्यामुळे पाणी छज्ज्याखालून भिंतीकडे सरकत नाही. ही कामं स्वस्त असतात आणि तीच वगळली जातात.

आता मेम्ब्रेन. डांबराची ही पट्टी गॅसच्या ज्वाळेनं तापवून चिकटवतात. दोन पट्ट्यांचा जोड दहा सेंटीमीटर एकमेकांवर यायला हवा. वर खडीचा किंवा दुसरा संरक्षक थर नसेल, तर उन्हानं डांबर कडक होऊन चिरतं. ॲक्रिलिकचे रंगासारखे कोट उष्णता परतवतात, पण पाणी साचून राहिलं की मऊ पडून सुटतात. ढाळ नसलेल्या गच्चीवर ते मारणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

एवढं सगळं झाल्यावर परीक्षा होते पाँडिंगची. पाइपाची तोंडं बंद करायची, गच्चीवर बांध घालून कप्पे पाडायचे, पाणी भरायचं आणि निदान ४८ तास खालच्या घरांची छतं बघत राहायची. ही चाचणी टाळण्यासाठी ठेकेदार पुष्कळ कारणं देतात. त्यातलं एकही ऐकू नका.

राहिला खर्च कोणाचा हा प्रश्न. महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चानं करायची असते. वरच्या मजल्यावरच्या सभासदानं ती एकट्यानं सोसायची नाही. इमारत नवी असेल, तर २०१६ च्या रेरा कायद्यानं ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष विकासकानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करून द्यायचे आहेत. त्यामुळे गळती दिसताच लेखी तक्रार करा. आणि कोटेशनमध्ये ढाळ किती, वाटा किती उंच, जुना कोबा काढणार का, पाँडिंग किती तास, हे चार प्रश्न लिहून घ्या. शेवटचा हप्ता पाँडिंगनंतरच द्या.