पिवळे पडले म्हणजे मेले नव्हे



कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचे बिऱ्हाड आहे. तेथून रंकाळा जवळच. गेल्या उन्हाळ्यात तळ्याचे हिरवेगार पाणी बाटलीत भरून आम्ही खिडकीत ठेवले. महिन्याभरात ते पिवळट झाले. घरी आलेले एक सभासद म्हणाले, "साहेब, ह्ये शेवाळ मेलं न्हवं?"

मेलेच असे नाही. तळ्याचे पाणी हिरवे करते ते पुष्कळदा नील-हरित शेवाळ. नाव शेवाळ, पण जात जिवाणूची. उन्हावर स्वतःचे अन्न करणारी. सांडपाण्यातून नत्र, स्फुरद मिळते म्हणून ते तळ्यात माजते. बाटलीत नवी भर कुठली?

नत्र संपले की हा जिवाणू आपला निळा रंगच मोडून खातो. हा रंग प्रथिनांचा असतो आणि पेशीतील विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंत त्यात गुंतलेली असतात. म्हणजे घरातली कणगीच! रंग गेला, वाढ थांबली, पण जीव राहतो. प्रयोगशाळेत अशा काही जाती महिनोन्‌महिने तगल्या आणि नत्र देताच सुमारे ४८ तासांत पुन्हा हिरव्या झाल्या.

अ‍ॅनाबिनासारख्या साखळीच्या जातींची तऱ्हा निराळी. उपासमार झाली की दर दहा-वीस पेशींत एक पेशी जाड कवच घेते व हवेतील नत्र बांधते. शेजारणी तिला साखर देतात, ती त्यांना नत्र देते. सहकारच म्हणा ना! मात्र आयता युरिया भरपूर मिळाला, तर ही पेशी तयारच होत नाही.

आता आपल्या उसाकडे पाहू. नत्र कमी पडले की ऊसही जुन्या पानांतले नत्र काढून कोंबाला देतो. म्हणून खालची पाने आधी पिवळी पडतात. पण शेवाळ थांबून राहते, ऊस थांबला की टन जातात. तेथे हप्ता चुकवू नका.

उलट कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या, असा केवडा दिसला तर बहुधा लोहाची उपासमार असते. चुनखडीच्या रानात, खोडव्यात हे नेहमीचे. जुन्या पानातले लोह कोंबाकडे सहसा जात नाही. तेथे युरिया ओतून पैसा वाया जातो. हिराकसची फवारणी लागते.

तेव्हा पोते फोडण्याआधी कोणते पान पिवळे आहे ते पाहा. शंका असल्यास पाने आणि मूठभर माती घेऊन गट ऑफिसला या.

— ऊस विकास अधिकारी