समुद्राचं शेवाळ आणि सिन्नरच्या गायी

गायीच्या डाव्या कुशीवर स्टेथोस्कोप ठेवला की मिनिटाला एक-दोनदा आत गडगड ऐकू येते. ती ऐकू आली नाही की आम्हा जनावरांच्या डॉक्टरांच्या पोटात गोळा येतो. नाशिकच्या सिन्नर-निफाड पट्ट्यात माझी नोकरी या गडगडीकडे कान लावण्यातच गेली. निवृत्तीनंतरही गोठ्यांवर जाणं सुटलेलं नाही. फक्त प्रश्न बदललेत. "डॉक्टर, मोबाइलवर दाखवत होते, गायीला सीवीड चारलं तर हवामान सुधारतं म्हणे?"

सीवीड, म्हणजे समुद्री शेवाळ, आमच्याकडे अनोळखी नाही. द्राक्षबागायतदार त्याचा अर्क फवारतात, ठिबकमधून सोडतात. इफ्कोचं 'सागरिका' दुकानात सहज मिळतं. ते बनतं कप्पाफायकस या लाल शेवाळापासून, आणि त्या शेवाळाची शेती होते तिकडे तमिळनाडूत, रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर. गायीच्या पोटात तयार होणारा, हवा तापवणारा मिथेन वायू अडवणारं शेवाळ मात्र वेगळं. तेव्हा बागेची बाटली खुराकात ओतायची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बागायतदाराच्या हाताचा भरवसा नसतो.

आता मुद्दा मिथेनचा. गायीचं कोटीपोट, म्हणजे चार कप्प्यांतला पहिला आणि सगळ्यात मोठा, शंभर लिटरच्या पुढे माल मावणारी आंबवणाची टाकी आहे. आपल्याला न पचणारा कडबा तिथले जिवाणू फोडतात. त्यात हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. ते साचू नयेत म्हणून दुसरे सूक्ष्मजीव दोन्हींचा मिथेन बनवतात आणि गाय तो ढेकरेतून सोडते. लोक हसून शेपटीकडे बोट दाखवतात. खरं तर नव्वद टक्क्यांहून जास्त मिथेन तोंडावाटे जातो. खाल्लेल्या ऊर्जेतली साधारण सहा टक्के अशी हवेत उडते. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, मात्र बारा-एक वर्षांत विरतो. म्हणून तो आज कमी केला तर फरक लवकर दिसतो. २०१९च्या पशुगणनेत देशात गायी-म्हशी मिळून तीस कोटींवर जनावरं होती, हेही लक्षात घ्या.

शेवाळाची गोष्ट सुरू झाली कॅनडात. प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या एका शेतकऱ्याला दिसलं, की वाहून आलेलं शेवाळ खाणाऱ्या त्याच्या गायी बाकीच्यांपेक्षा तब्येतीला चांगल्या आहेत. रॉब किनले या संशोधकाने ते तपासलं, मिथेनही घटलेला आढळला. पुढे ऑस्ट्रेलियात त्यांच्या चमूने एकेक शेवाळ चाचणीला लावलं. त्यात अस्परागॉप्सिस नावाचं शेवाळ सगळ्यांवर मात करून गेलं. त्यातलं ब्रोमोफॉर्म हे रसायन मिथेन बनवण्याच्या शेवटच्या पायरीवरचं विकर अडवतं. २०२१मध्ये कॅलिफोर्नियात एर्मियास केब्रियाब यांच्या चमूने गोऱ्ह्यांना चिमूटभर शेवाळ देऊन मिथेन ८० टक्क्यांहून अधिक घटवल्याचं दाखवलं.

इथपर्यंत व्हिडिओत असतं. पुढचं नसतं. ऑस्ट्रेलियात वाग्यू जातीच्या जनावरांवर ३०० दिवसांची चाचणी झाली, तेव्हा घट २८ टक्क्यांवर आली. जनावरं खायला कमी लागली, वजनही कमी भरलं. ब्रोमोफॉर्म उडून जाणारं, त्यामुळे साठवण अवघड. शिवाय शेवाळात आयोडीन भरपूर, ते दुधात उतरतं. आणि वाचलेल्या ऊर्जेचं दूध वाढेल अशी खात्री आजवरच्या चाचण्यांनी दिलेली नाही. माझ्या लेखी सगळं इथेच अडतं. दुधाचा भाव पडला म्हणून ज्या शेतकऱ्याला २०२४मध्ये सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावं लागलं, त्याला मी दुधाचा भाव ठरवणाऱ्या फॅट-एसएनएफमध्ये न दिसणारी शेवाळाची पावडर विकत घे म्हणून कोणत्या तोंडाने सांगू?

समुद्राकडे बघण्याआधी जवळ बघावं. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रिया विज्ञान संस्थेने 'हरित धारा' हे पूरक खाद्य टॅनिन असलेल्या वनस्पतींपासून बनवलं. मिथेन १७ ते २० टक्के घटतो असं संस्था सांगते. टॅनिन म्हणजे तुरट द्रव्य, आणि नाशिकमध्ये त्याचा ढीग पडतो: वाइनरीत रस काढून उरलेला द्राक्षाचा चोथा. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात हाच चोथा दुभत्या गायींना चारून पाहिला, मिथेन सुमारे वीस टक्के कमी झाला. फुकटात मिळतो म्हणून ट्रॉली भरून आणू मात्र नका. आपल्या बागांवर बोर्डो हे तांब्याचं बुरशीनाशक फवारतात, चोथ्यात तांबं किती उतरलंय ते प्रयोगशाळेत बघायला हवं. शेळ्या-मेंढ्यांच्या बाबतीत तर हयगय नकोच. मेंढी तांब्याने पटकन दगावते.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय कुणी व्हिडिओत दाखवत नाही. नुसता भाताचा पेंढा खाऊन दोन लिटर देणारी गाय लिटरमागे सगळ्यात जास्त मिथेन सोडते. मुरघास, लसूणघास, पेंड, खनिज मिश्रण यांचा मेळ घातला की तीच गाय जास्त दूध देते आणि लिटरमागचा मिथेन उतरतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या संतुलित आहार कार्यक्रमात ही घट १२ ते १५ टक्के आढळली. गाय वेळेवर गाभण राहिली, भाकड काळ आवरला, तर लिटरमागे आणखी फायदा. म्हणून सीवीडचं विचारणाऱ्याला मी आधी त्याच्या गव्हाणीत काय पडतंय ते विचारतो, मग शेवटचं वेत कधीचं ते.