चिंबोरीच्या मागावर

पहाटे ५.१५
मानखुर्द गावातलं एका खोलीचं घर. मामा भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे. माघ शुद्ध तृतीया. "तीन पाऊणे सव्वादोन," ते पुटपुटतात. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. म्हणजे दुपारी सव्वादोन. त्याच्या सहा तास आधी ओहोटी तळाला, सव्वाआठ. खाडीत आत पाणी जरा उशिरा हलतं, तेवढं हिशेबात धरायचं. भाचा मोबाइलवर भरतीचं कोष्टक दाखवतो. दहा-पंधरा मिनिटांचा फरक. मामा बघतात आणि डबा बांधायला घेतात.

उद्या गणेश जयंती. चिंबोरी कोणी घेणार नाही. जे मिळेल ते आज संध्याकाळपर्यंत विकायचं, नाहीतर ओल्या गोणपाटात जगवत ठेवायचं. असल्या दिवशी फार मेहनत करण्यात अर्थ नसतो, म्हणून आज नवी जागा बघायची. जुन्या जागेवर पावसाळ्यानंतर कोणीतरी डेब्रिजच्या गाड्या रिकाम्या केल्या. विटा, टाइल्स, प्लास्टर. त्याखाली बिळं गेली.

६.००
चहाची टपरी. दोन चहा, चार पाव, चाळीस रुपये. भाचा विशीचा, कॅटरिंगच्या कामाला जातो. लग्नं नसली की मामाबरोबर. त्याच्या हातात नवा आकडा आहे. हाताएवढी लांब लोखंडी सळई, टोक वाकवलेलं. मंडाळ्याच्या भंगारातून उचललेली, वेल्डिंगवाल्यानं वाकवून दिली. सगळे मिळून सत्तर रुपये. मामांचा आकडा जुना, पकडीच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी. तो मामा कोणाला देत नाहीत.

६.३०
रिक्षानं मंडाळ्याला, साठ रुपये. एरवी चालत जातात, आज ओहोटी गाठायची आहे. भंगाराची गोदामं अजून बंद, वजनकाट्यांवर गोणपाट टाकलेलं. मेट्रोच्या कारशेडची भिंत संपली की पायवाट, मग चिखल.

इथं वनखात्याचा फलक आहे. तिवर तोडायला बंदी, भराव टाकायला बंदी. चिंबोरीबद्दल फलकावर काही नाही. वाशीच्या पुलाच्या उत्तरेला, ऐरोलीच्या पुलापर्यंत, २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. मामा तिकडे फिरकत नाहीत. दक्षिणेला ट्रॉम्बेच्या बाजूला सरकत गेलं तर अणुकेंद्राची हद्द, तिकडे तर नाहीच नाही. मधली पट्टी उरते. त्या पट्टीतला हा तुकडा त्यांनी आजवर फक्त होडीतून, लांबून पाहिलेला.

७.१०
उजाडतंय. दोघं जुने फुटबॉलचे मोजे चढवतात, वरून सुतळी आवळतात. बूट चिखलात राहून जातो, मोजा राहत नाही. कालवाची धार आणि फुटकी काच, दोन्हींपासून तेवढाच बचाव.

तिवरांची श्वासमुळं जमिनीतून खिळ्यांसारखी वर आलेली. पाय त्यांच्या मधोमध ठेवायचा. मामा चार पावलं टाकतात आणि थांबतात. आकडा बाहेर काढत नाहीत. नुसतं बघतात. भाच्याला घाई आहे. "मामा, हे बघ बील."

"बघितलं. कोळ्याचं जाळं बघ तोंडावर. रिकामं हाय."

७.४०
आता खरं काम. अमेरिकेत हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी लोक सरकारी जंगलात असेच हिंडतात, वाटा, विष्ठा, झाडाला घासलेली शिंगं बघत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणामागं जायचा प्रश्न राहिला नाही. माग काढायची विद्या मात्र चिखलात शिल्लक आहे.

बिळाचं तोंड गोल की आडवं, हे आधी. चिंबोरी आडवी चालते, तिचं दारही आडवं, रुंद. तोंडाशी ताजा चिखल उपसलेला हवा. वाळलेला असेल तर बीळ जुनं. काठावर डेंग्यांचे ओरखडे हवेत. आतलं पाणी निवळशंख असेल तर घरात कोणी नाही; गढूळ असेल तर आत कोणीतरी आत्ताच हललंय. आसपास गोगलगायींचे फुटके शंख दिसले तर उत्तमच.

पाण्याच्या कडेला निवट्या टुणटुण उड्या मारतात. भाचा एक पकडायला वाकतो. मामा त्याचा खांदा धरून मागं ओढतात. चिखलात पावलांचे ठसे आहेत, कुत्र्याच्या पंजाएवढे, जरा लांबट, एका सरळ रेषेत गेलेले. कोल्हा. मुंबईत कोल्हे आहेत हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. तिवरांत ते पूर्वीपासून आहेत. ठशांच्या शेवटी चिंबोरीची फुटकी पाठ, आतून चाटूनपुसून साफ.

मामांचा चेहरा पहिल्यांदा उजळतो. "याला रोज मिलते, तर आपल्याला का नाय मिलनार?"

८.३०
पाणी तळाला. आता आकडा. मामा उजव्या कुशीवर चिखलात आडवे होतात, खांद्यापर्यंत हात आत. बीळ तिरपं जातं, कधी हाताहून लांब. आकडा ढकलायचा नाही, चाचपडायचं. दगडाला लागला तर कट्ट, मुळाला लागला तर काहीच नाही. चिंबोरीच्या पाठीला लागला तर पोकळ ठक. मग थांबायचं. ती चिडून आकडा धरते. तिनं धरला की सावकाश ओढायचं. जोर केला तर डेंगा तुटून हातात येतो, आणि बिनडेंग्याच्या चिंबोरीला निम्मा भाव.

पहिली येते. हिरवट-काळी, अर्ध्या किलोच्या आसपास. मामा मागून अंगठ्यानं दाबतात, गुडघ्याखाली धरतात, सुतळीचे चार वेढे. डेंगे पोटाशी बंद. उलटी करून बघतात. पोटावरची झडप निमुळती, म्हणजे नर. दाबून बघतात, कवच टणक. अमावास्या होऊन तीनच दिवस झालेत, मांस भरलेलं असणार, असं ते म्हणतात. पुनवेला चिंबोरी पोकळ, हा इथल्या प्रत्येक घरातला हिशेब.

भाच्याचा आकडा दुसऱ्या बिळात अडकतो. सळई नवी, वाकण जरा जास्त. आतून मूळ धरून बसलीय. पंधरा मिनिटं त्यात जातात. मामा काही बोलत नाहीत. दुसरीकडे दोन छोट्या काढतात, एक कात टाकलेली, मऊ. ती परत बिळात.

९.४५
पाणी फिरलं. चिखलावर बोटभर रुंद धारा उलट्या वाहायला लागतात. लांब, पुलाच्या बाजूला, फ्लेमिंगोंची रांग अजून माना खाली घालून चरतेय. पन्नासेक बिळं बघून झाली, हात दहा-बाराच बिळांत घातला. बाकीची फक्त पाहून ठेवली. खूण म्हणून चिंधी बांधत नाहीत. चिंधी दुसऱ्यालाही दिसते. विजेचा टॉवर आणि पुलाचा एक खांब एका रेषेत आले की डावीकडे, एवढंच भाच्याला सांगतात. तो मोबाइल काढून फोटो घ्यायला लागतो. "कोनाला पाठवू नको."

१०.४०
कारशेडच्या भिंतीपाशी. बाटलीतल्या पाण्यानं डोळे धुतात. मामांच्या दंडावर कालवाचा लांब ओरखडा. परतीला रिक्षावाले थांबत नाहीत, चिखलाचे कपडे बघून. पायी.

दुपारी १२.३०
आंघोळ, भात, सुकटीचं कालवण. चिंबोऱ्या मोरीत ओल्या गोणीखाली. भाचा झोपतो. मामा कानशीनं नव्या आकड्याचं टोक घासतात.

संध्याकाळी ५.००
मानखुर्द स्टेशनजवळचा बाजार. विकायला मामी बसते. भाव तिच्या हातात, मामा त्यात पडत नाहीत. दोन मोठ्या, मिळून साडेनऊशे ग्रॅम, आठशे पन्नासला. गिऱ्हाईक सातशेपासून सुरू झालं होतं. तीन छोट्या दोनशेला, रस्सा करणाऱ्या एका बाईनं उचलल्या. एक हजार पन्नास. सकाळचे चहा, रिक्षा, आकडा आणि सुतळी मिळून एकशे नव्वद गेले. तीनशे भाच्याला. उरले पाचशे साठ.

शेजारी कोळंबी घेऊन बसलेला ओळखीचा माणूस गोणी बघून विचारतो, "कुठं गेलेला आज?"

"माहुलला," मामा म्हणतात.

भाचा मान खाली घालून तीनशे मोजतो. मग विचारतो, उद्या?

"उद्या कशाला? पुढच्या अवसेला. दोन गोन्या घे."