त्वचेवरील व्रण आणि मनांतील व्यथा

त्वचा हें शरीराचें केवळ आच्छादन नव्हे; तें एक इंद्रिय आहे. गर्भावस्थेंत ज्या थरापासून त्वचेचा बाह्य स्तर बनतो, त्याच थरापासून मेंदू व मज्जातंतूही बनतात. लाजेनें गाल आरक्त होतात, भीतीनें अंगावर कांटा येतो, हा तर नित्याचा अनुभव आहे.

कांहीं मुलामुलींच्या अंगावर मात्र अशा जखमा आढळतात, कीं ज्या त्यांनीं स्वतःच करून घेतलेल्या असतात. ह्यांचें कारण एकच नसतें. कोणी नकळत तारुण्यपीटिका वा खपल्या उकरीत बसतो. ही संवय आवरेनाशी झाल्यास तो एक स्वतंत्र विकार होय, असें अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१३ सालीं आपल्या अधिकृत ग्रंथांत नमूद केलें. कोणी असह्य दुःख, अपमान वा एकटेपणा शब्दांत सांगतां न आल्यामुळें स्वतःस इजा करून घेतो. त्यास नाटक वा हट्ट म्हणणें अन्यायाचें आहे. पण त्या इजेनें दुःख सरत नाहीं. लज्जा व लपवालपव मात्र वाढते. खोल जखम भरली तरी वण राहतो, व त्या जागीं त्वचेस मूळचें बळ पूर्णपणें येत नाहीं.

पालकांस आमची विनंति अशी, कीं ऐन उन्हाळ्यांतही मूल हातपाय सदैव झांकून घेऊं लागलें, तर एकांतांत मायेनें विचारावें. रागावूं नये, चारचौघांत वाच्यता करूं नये. जखम स्वच्छ पाण्यानें धुवावी. तीवर राख, चुना वा तंबाखू लावूं नये. खोल असल्यास डॉक्टरांकडे न्यावें. पण मलमपट्टी हा अर्धाच उपचार. उरलेला अर्धा म्हणजे मुलाचें म्हणणें मध्यें न बोलतां ऐकून घेणें.

चुडाव्यासारख्या लहान गांवीं ‘लोक काय म्हणतील’ ह्या धाकानें अशा गोष्टी घरांतच दडपल्या जाण्याचें भय असतें. परंतु शासकीय सेवांतून मानसोपचार मिळणें हा २०१७ च्या कायद्यानें प्रत्येकाचा हक्क आहे. शिवाय ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क सेवा २०२२ पासून सुरू असून, १४४१६ ह्या क्रमांकावर अहोरात्र मराठींतून बोलतां येतें.

विद्यार्थिमित्रहो, सोबत्याचें असें गुपित कळलें, तर तें पोटांत ठेवूं नका. विश्वासाच्या वडील माणसास सांगा. ती चहाडी नव्हे, तें मित्रकर्तव्य होय. आणि दुःख तुमचेंच असेल, तर तें आजच कोणापाशीं तरी बोला.