वजनकाट्यावरचे कोकरू: मेंढी-पैदाशीचा मागोवा

गोंदिया जिल्हा मेंढ्यांचा नाही. धानाच्या बांध्या, मालगुजारी तलाव आणि वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, अशा मुलखात दारात बांधलेली असते ती शेळी. तरीही मेंढीचे वजन वाढवण्यासाठी महाराष्ट्रात गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे प्रयोग झाले, ते इथल्या पशुपालकाने नीट समजून घ्यावेत. त्यातला धडा शेळीलाही लागू पडतो.

सुरुवातीला वजनाची फारशी चर्चाच नव्हती. आपली दख्खनी मेंढी काळी, काटक आणि राठ लोकरीची. तिच्या लोकरीची घोंगडी व्हायची. सरकारला हवी होती मऊ लोकर. 1962 मध्ये राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था उभी राहिली. मेरिनो, रॅम्बुले या परदेशी जातींचे मेंढे आणून देशभर संकर झाले. पण उन्हातान्हात मैलोन्‌मैल चालून काटेरी झुडपांवर पोट भरणे ही विलायती रक्ताची कामे नव्हेत. पुढे घोंगडीचा खपही उतरला आणि मटणाचा भाव चढत गेला. मेंढपाळाचे घर कोकरांच्या विक्रीवर चालू लागले, तेव्हा कोकरू किती किलोचे भरते हा प्रश्न पुढे आला.

त्याचे उत्तर शोधायला वही आणि काटा लागतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दख्खनीच्या कळपावर हेच काम केले. कोकरू जन्मले की त्याच्या कानात बिल्ला मारायचा, वजन घ्यायचे, आई-बाप कोण ते लिहायचे. तिसऱ्या महिन्यात दूध तुटताना पुन्हा काटा, सहाव्या महिन्यात पुन्हा. अशा नोंदी वर्षानुवर्षे साठल्या की एक गोष्ट कळते. कोकराकोकरांतल्या वजनाच्या फरकाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्साच आनुवंशिक असतो. बाकीचा चारा, पाऊस, जंत आणि आईचे दूध ठरवते. दूध तुटेपर्यंत तर आईचाच पगडा मोठा. म्हणून तीन महिन्यांचे गुटगुटीत कोकरू पाहून बापाला शाबासकी देणे घाईचे ठरते.

हिस्सा लहान असला तरी तो पिढ्यान्‌पिढ्या साठत जातो, आणि नेमके इथेच कळपात उलटे घडत आले. व्यापारी आला की सगळ्यात आधी उचलतो तो झपाट्याने वाढलेला नर. मेंढपाळाला पैशाची नड असते, तोही देतो. मागे राहतो तो सावकाश वाढणारा, आणि पुढे तोच कळपाचा मेंढा होतो. कोणाच्याही मनात नसताना कमी वजनाची निवड होत राहते.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने वेगळी वाट धरली. ब. वि. निंबकरांनी 1968 मध्ये स्थापलेल्या या संस्थेत 1990 पासून शेळ्या-मेंढ्यांवर काम सुरू झाले. डॉ. चंदा निंबकर यांच्या चमूने प्रश्नच बदलला: एका कोकराचे वजन वाढवण्याऐवजी एका मेंढीमागे विकली जाणारी कोकरे वाढवली तर? दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते. सुंदरबनची गरोळ मेंढी जेमतेम बारा-चौदा किलोची, पण जुळी-तिळी देणारी. त्यामागे असलेल्या जनुकाला बुरुला म्हणतात. हे नाव ऑस्ट्रेलियातल्या एका मेंढी-फार्मचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालहून तिकडे गेलेल्या मेंढ्यांतूनच हे जनुक तिथे पोहोचले असावे, असे संशोधक मानतात. 2001 मध्ये त्यातला नेमका बदल सापडला आणि रक्ताच्या थेंबावरून चाचणी शक्य झाली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ या कामात सोबत होते.

चाचणीशिवाय हे जमलेच नसते, कारण मेंढ्याकडे पाहून त्याच्या मुली जुळी देतील का हे कळत नाही. गरोळ-दख्खनी संकरात गरोळचे ते एक जनुक ठेवायचे आणि तिचा लहान बांधा पुसायचा, यासाठी संकराची पिढी पुन:पुन्हा दख्खनीकडे वळवली. त्यातून पुढे ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. मात्र जुळ्यांतले प्रत्येक कोकरू एकुलत्यापेक्षा हलके असते. आईला खुराक मिळाला नाही तर दोन्ही हातची जातात. म्हणून मेंढीत या जनुकाची एकच प्रत बरी; दोन असल्या की तिळ्यांचे संकट वाढते.

एक गुण वाढवला की दुसरीकडे किंमत मोजावी लागते, हा अनुभव जगातही आला. 1983 मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमात पिळदार मांड्यांचा एक मेंढा आढळला. त्याचे जनुक बापाकडून आले तरच गुण दाखवते. मांस भरपूर मिळाले, पण ते इतके चिवट निघाले की बाजाराने नाक मुरडले.

इकडे सांगलीच्या माडग्याळ मेंढ्यांचे भाव गगनाला भिडले; 2020 मध्ये एका मेंढ्याला 70 लाखांची मागणी आल्याची बातमी गाजली. ती किंमत उंचीची, नाकाच्या बाकाची आणि हौसेची आहे. त्याची कोकरे किती भरतात, हे त्यातून समजत नाही.

गोंदियाने यातून काय घ्यावे? भारी मेंढा किंवा बोकड आणून सोडणे हा उपाय नव्हे. पावसाळ्यात इथे जंत आणि खुरांचे दुखणे आधी हिशेब चुकते करतात. इथली कठाणी गाय लहान चणीची. तिचे बैल धानाच्या चिखलात चालतात, आणि तो गुण ओळखूनच 2023 मध्ये स्वतंत्र जात म्हणून तिच्या नोंदणीवर शिक्कामोर्तब झाले. शेळीसाठीही हीच दृष्टी हवी. गावातल्या चार-पाच घरांनी मिळून एक काटा घ्यावा, करडांची जन्माची, तीन आणि सहा महिन्यांची वजने लिहावीत, आणि त्या वहीत जो नर सर्वांत पुढे असेल तो, जंतांनी खंगलेला नसेल तर, व्यापाऱ्याला देऊ नये. त्याचे आज मिळणारे दोन-चार हजार जास्तीचे पैसे त्याच्या पुढच्या पन्नास करडांत भरून निघतात.