दोन संगणक, एक मॉनिटर : पडदा लुकलुकतो तेव्हा दोष कुठे शोधावा?

लहान छापखाना, लग्नपत्रिकांचे दुकान, भरतकामाच्या मशीनसाठी डिझाइन तयार करणारा कारखाना. अशा अनेक ठिकाणी आज एकाच टेबलावर दोन संगणक दिसतात. एक जुना, एक नवा. जुना टाकून देता येत नाही, कारण त्यात उर्दू मजकुराच्या, इनपेजवर केलेल्या वर्षानुवर्षांच्या फाइली असतात. कुठे भरतकामाचे जुने सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालते आणि त्याचा डोंगल लावायला नव्या संगणकाला जागाच नसते. नवा संगणकही घ्यावाच लागतो. जुलै २०१७ मध्ये जी.एस.टी. लागू झाल्यापासून बिले आणि विवरणपत्रे यांचे काम संगणकावाचून होत नाही. गाळा मात्र पूर्वीएवढाच असतो. मग दोन्ही संगणकांना मिळून एकच मॉनिटर ठेवायचा आणि मध्ये के.व्ही.एम. स्विच बसवायचा, हा मार्ग बरेच जण धरतात.

के.व्ही.एम. म्हणजे कीबोर्ड, व्हिडिओ आणि माऊस या तीन शब्दांची आद्याक्षरे. बटण दाबले की तिन्ही वस्तू एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जातात. सोय चांगली आहे, जागाही वाचते. पण स्विच बसवल्यावर काही दिवसांत अनेकांची एकच तक्रार येते : पडदा लुकलुकतो, अक्षरे थरथरतात, मधूनच सगळे काळे होऊन दोन सेकंदांनी परत येते.

ही तक्रार किरकोळ समजू नये. उर्दू कंपोझ करणाऱ्याचे सारे काम नुक्त्यांवर चालते. ‘बे’ला खाली एक नुक्ता आणि ‘पे’ला तीन. थरथरत्या पडद्यावर एकाचे तीन दिसले आणि तपासणाऱ्याच्या नजरेतून ते सुटले, तर ‘बाप’चे ‘पाप’ होऊन पत्रिका छापली जाते. हजार पत्रिकांचा कागद, शाई आणि गिऱ्हाईक, तिन्ही गेले. शिवाय दिवसाचे आठ-दहा तास अशा पडद्यासमोर बसणाऱ्याचे डोळे दुखतात, डोके धरते. आणि सर्वांत जास्त नुकसान होते ते घाईच्या इलाजाने. दुकानदार मॉनिटर खराब झाला असे समजून नवा आणतो, आणि नवाही तसाच लुकलुकतो. काही हजार रुपये गेल्यानंतर कळते की दोष काही शे रुपयांच्या केबलमध्ये होता, किंवा भिंतीतल्या प्लगमध्ये.

आमचे सांगणे एवढेच की आधी तपासावे, मग खर्च करावा. तपासणीला कोणतेही महाग यंत्र लागत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि फरक पडला का ते पाहावे, एवढी शिस्त लागते.

मॉनिटर निर्दोष आहे का?

मॉनिटरच्या खाली किंवा मागे असलेले मेन्यूचे बटण दाबा. प्रकाश कमी-जास्त करण्याची जी पाटी पडद्यावर उमटते, ती संगणकाकडून येत नाही, मॉनिटर स्वतः ती काढतो. पाटी स्थिर आणि तिच्यामागचे चित्र मात्र थरथरते, असे असेल तर मॉनिटर बहुधा ठीक आहे, दोष येणाऱ्या सिग्नलमध्ये आहे. पाटीही चित्राबरोबर लुकलुकत असेल तर मॉनिटरचा मागचा प्रकाश किंवा त्याचा वीजपुरवठा यांच्याकडे संशय जातो.

आणखी खात्रीसाठी सिग्नलची केबल काढून ठेवा. सिग्नल नाही, अशी सूचना मॉनिटर दाखवील. तीही लुकलुकली तर बिचाऱ्या स्विचचा काही दोष नाही. काही मॉनिटर प्रकाश फार कमी ठेवल्यावरच लुकलुकतात. प्रकाश वाढवून पाहिल्यास ते कळते.

स्विच बाजूला ठेवून परीक्षा

आता स्विच पूर्ण काढा आणि पहिला संगणक मॉनिटरला थेट जोडा. मग दुसरा जोडा. थेट जोडणीतही एखादा संगणक लुकलुकत असेल तर दोष त्या संगणकात किंवा त्या केबलमध्ये. विंडोज १० किंवा ११ असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. पडद्यावरील बाकी सगळ्याबरोबर तोही लुकलुकला तर डिस्प्ले ड्रायव्हर पाहावा. बाकीचे लुकलुकते आणि तो एकटा स्थिर राहतो, असे असेल तर एखाद्या सॉफ्टवेअरचे भांडण आहे.

दोन्ही संगणक थेट जोडल्यावर शांत असतील, तर दोष स्विच, त्याची केबल, त्याची वीज किंवा अर्थिंग या चारांपैकी एकात आहे. स्विचच्या ज्या तोंडाला लुकलुकणारा संगणक होता तिथे दुसरा लावून पाहा. लुकलुक तोंडाबरोबर राहिली तर तोंड खराब, केबलबरोबर गेली तर केबल खराब, संगणकाबरोबर गेली तर संगणकाची सेटिंग पाहावी.

केबल : दोष बहुधा इथेच

थेट जोडणीत सिग्नल एकाच केबलमधून जातो. स्विच आला की दोन केबली होतात, लांबी वाढते आणि प्लगचे सांधे दोनाचे चार होतात. थेट जोडणीत जी हलकी केबल कशीबशी चालून जात होती, ती स्विचमधून चालत नाही.

मॉनिटर जितका मोठ्या रिझोल्यूशनचा, तितका भार जास्त. १९२० बाय १०८० चे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायला एच.डी.एम.आय. मधून सुमारे साडेचार गिगाबिट प्रतिसेकंद इतका प्रवाह लागतो. तेच फोर-के चित्र ६० वेळा पाठवायचे तर सुमारे १८ गिगाबिट लागतात. एच.डी.एम.आय. १.४ च्या स्विचची मर्यादा १०.२ गिगाबिट आहे. म्हणून अशा जुन्या स्विचवर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच नीट चालते. ६० चा आग्रह धरला तर ते मिळतच नाही किंवा पडदा काळा-पांढरा होत राहतो. हा बिघाड नव्हे, ऐपतीपेक्षा जास्त ओझे आहे.

केबली आखूड घ्याव्यात, दोन मीटरच्या आत असल्यास उत्तम. दोन केबली जोड देऊन लांब करू नयेत. व्ही.जी.ए. असेल तर दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळावेत. प्लग हाताने हलवल्यावर चित्र हलत असेल तर निदान तिथेच झाले.

स्विचलाही वीज लागते

स्वस्त स्विच आपली वीज संगणकाच्या यू.एस.बी. मधून घेतात. यू.एस.बी. २.० च्या तोंडातून ५०० मिलिअँपिअरच मिळण्याची खात्री असते. त्याच स्विचवर कीबोर्ड, माऊस, वर पेन ड्राइव्ह आणि स्कॅनर लावला की स्विच उपाशी राहतो आणि चित्र तुटू लागते. आधी पेन ड्राइव्ह व स्कॅनर काढून पाहा. स्विचला अडॅप्टरचे छिद्र असेल तर अडॅप्टर लावा. मात्र व्होल्ट आणि धन-ऋण टोके स्विचवर लिहिल्याप्रमाणेच असावीत, हाताला लागेल तो अडॅप्टर खुपसू नये.

अर्थिंग : याकडे दुर्लक्ष करू नका

ही बाब आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगत आहोत, कारण इथे केवळ चित्राचा प्रश्न नाही, जिवाचाही आहे. जुन्या बाजारपेठांतील अनेक गाळ्यांत तीन पिनांचा प्लग दिसतो, पण तिसऱ्या पिनमागे तारच नसते. संगणकाच्या वीजपेटीतील फिल्टरमुळे, अर्थिंग नसेल तर त्याच्या लोखंडी डब्यावर मीटर शंभराच्या वर व्होल्ट दाखवू शकतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण हाताला झिणझिण्या येतात.

आता दोन संगणक दोन वेगळ्या बोर्डांवर आहेत, एकाला अर्थिंग आहे, दुसऱ्याला नाही, आणि के.व्ही.एम. च्या केबलींनी दोघांचे डबे एकमेकांशी जोडले गेले. जो प्रवाह जमिनीत जायचा तो केबलच्या आवरणातून वाहू लागतो. व्ही.जी.ए. मध्ये त्याने आडव्या पट्ट्या सरकतात किंवा सगळे चित्र थरथरते. एच.डी.एम.आय. मध्ये पडदा मधूनच काळा होतो. चालू संगणकात केबल खुपसताना बारीक ठिणगी दिसते, आणि तेवढ्याने स्विचचे किंवा संगणकाचे तोंड कायमचे जळू शकते.

उपाय असा. दोन्ही संगणक, मॉनिटर आणि स्विचचा अडॅप्टर, सगळे एकाच चांगल्या प्लगपट्टीवर, एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्यावेत. जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून घ्यावा. फेज आणि अर्थ यांत सुमारे २३० व्होल्ट यावेत, न्यूट्रल आणि अर्थ यांत अगदी थोडे. पट्ट्या घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन काढून टाका, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तसेच अर्थची तार न्यूट्रलला बांधून काम भागवणारे कारागीर भेटतात, त्यांना ते करू देऊ नका. न्यूट्रल तुटल्याच्या दिवशी सगळे लोखंडी डबे जिवंत होतील. आणि केबली काढताना-लावताना प्रत्येक वेळी सगळे प्लग काढूनच हात घालावा.

मोटरींचा शेजार

शिलाई मशीनची मोटर, ग्राइंडर, वेल्डिंग सेट सुरू होताच पडदा क्षणभर काळा होत असेल, तर त्यांच्या झटक्याचा त्रास केबलला होतो आहे. व्हिडिओची केबल विजेच्या तारेला चिकटून, एकाच गुंडाळीत नेऊ नये. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. जाड आवरणाची केबल घ्यावी, आणि संगणकांसाठी मोटरींपासून वेगळी लाइन ओढून घेता आली तर घ्यावी. फक्त इन्व्हर्टर चालू असतानाच त्रास होत असेल तर मॉनिटरला दोष न देता इन्व्हर्टर तपासावा.

दोन्ही संगणकांची सेटिंग

पंख्यापासून प्लगपर्यंत सगळे ठीक असूनही एकाच संगणकावर त्रास असेल, तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्हीकडे मॉनिटरचे मूळ रिझोल्यूशन आणि ६० हर्ट्‌झ ठेवा. एच.डी.आर. आणि फ्री-सिंक यांसारख्या सोयी स्विचमधून अनेकदा नीट जात नाहीत, त्या बंद ठेवाव्यात.

प्रत्येक मॉनिटरजवळ आपले एक ओळखपत्र असते. त्याला ई.डी.आय.डी. म्हणतात. मला कोणते चित्र चालते, हे मॉनिटर त्यातून संगणकाला सांगतो. साध्या स्विचने बटण बदलले की पहिल्या संगणकाला वाटते, मॉनिटर निघून गेला. परत आल्यावर तो पुन्हा ओळख विचारतो. म्हणून बदलताना दोन-तीन सेकंद पडदा काळा राहणे स्वाभाविक आहे. पण दर वेळी रिझोल्यूशन बदलते, चिन्हे इकडेतिकडे होतात, असे असेल तर ई.डी.आय.डी. जपून ठेवणारा स्विच घ्यावा. विकत घेताना दुकानदाराला तसे स्पष्ट विचारावे.

जुने व्ही.जी.ए. असेल तर

व्ही.जी.ए. मध्ये अक्षरांच्या कडाच तेवढ्या थरथरत असतील तर मॉनिटरचे ऑटो बटण दाबा. एक संगणक नीट केला की दुसरा बिघडतो, असा अनुभव येतो. कारण मॉनिटर दोघांना एकाच नावाने लक्षात ठेवतो, आणि दोघांच्या केबली मात्र वेगळ्या. दोन्ही केबली एकाच लांबीच्या व जातीच्या घ्याव्यात. तरीही जमले नाही तर एक संगणक ६० आणि दुसरा ७५ हर्ट्‌झवर ठेवावा, मॉनिटरला ते चालत असेल तर. मग तो दोघांची जुळणी वेगवेगळी जपतो.

जुन्या संगणकाचे व्ही.जी.ए. नव्या एच.डी.एम.आय. स्विचला जोडायचे तर नुसता तोंड बदलणारा जोड चालत नाही. सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर लागतो, आणि त्याला यू.एस.बी. ची वीज द्यावी लागते.

एक सोपा पर्याय

बऱ्याच मॉनिटरांना मागे दोन तोंडे असतात, एक व्ही.जी.ए. आणि एक एच.डी.एम.आय. तसे असेल तर दोन्ही संगणक मॉनिटरला थेट जोडा, आणि कीबोर्ड-माऊससाठी फक्त यू.एस.बी. चा स्विच घ्या. चित्र मधल्या डब्यातून जातच नाही, त्यामुळे त्या डब्याचे दुखणेही येत नाही. कामाच्या वेळी मॉनिटरचे एक बटण जास्त दाबावे लागते, एवढेच.

थोडक्यात क्रम असा : मॉनिटरचा मेन्यू पाहा, थेट जोडून पाहा, केबली आलटून-पालटून पाहा, स्विचची वीज पाहा, अर्थिंग तपासा, मोटरींपासून अंतर ठेवा, आणि शेवटी सेटिंग. हे सारे एका सुट्टीच्या दिवशी सकाळी करून होते. काय बदलल्यावर काय झाले ते कागदावर लिहून ठेवा. दुरुस्तीवाल्याला बोलवायची वेळ आलीच तर तो कागद त्याच्यापुढे ठेवा, म्हणजे अंदाजाने एकेक वस्तू बदलून त्याचे बिल तुमच्या माथी मारले जाणार नाही.