घर पाहावे तपासून

‘घर पाहावे बांधून’ असं आपल्याकडे म्हणतात. पण आता गावात मोक्याच्या ठिकाणी बांधायला मोकळी जागा उरलीय कुठे? त्यामुळे नोकरी संपवून आपल्या गावी स्थिरावणारी मंडळी पेठेतलं नाहीतर जुन्या कॉलनीतलं एखादं तयार घर बघू लागतात. ही घरं बहुतेक १९५० ते १९७० च्या दरम्यानची. जाड भिंती, पुढे ओटा, मागे परसात विहीर, पेरूचं झाड, आत शहाबादी फरशी. बघताक्षणी जीव गुंतावा अशी! आणि तिथंच तर खरी गोम आहे, मैत्रिणींनो.

साडी घेताना आपण पदर उलगडून, उजेडात नेऊन बघतो. मेथीची जुडीसुद्धा आतून पिवळी नाही ना, हे पाहूनच पिशवीत टाकतो. आणि आयुष्याची पुंजी ओतून घर घेताना मात्र दोन खोल्या बघतो, दिशा विचारतो, चहा घेतो आणि इसार देऊन मोकळे होतो.

बचत गटाच्या आणि महिला मंडळाच्या कामामुळे मला अशी बरीच घरं आतून बघायला मिळाली. त्यातल्या एका घराची गोष्ट सांगते. आमच्या मंडळातल्या एक निवृत्त शिक्षिका. एकट्या राहणाऱ्या. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून जे काही हाती आलं, त्यातून त्यांना स्वतःचं घर घ्यायचं होतं. पसंत पडलं ते घर १९५८ सालचं. विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं आणि मागच्या बाजूला नंतर वाढवलेली स्लॅबची खोली. नुकताच रंग दिलेला. मालक म्हणाले, “बाई, घर अगदी ठणठणीत आहे. तुम्ही नुसती चूल मांडायची.” बाई हो म्हणण्याच्याच बेतात होत्या. त्यांचीच एक जुनी विद्यार्थिनी आता सिव्हिल इंजिनिअर आहे. “तिला एकदा दाखवा, मग इसार द्या,” असा मी आग्रह धरला. ती आली, सोबत एक अनुभवी गवंडीकाका. तिच्या पिशवीत काय, तर छोटी हातोडी, स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि एक गोटी!

सुरुवात भिंतींपासून झाली. स्वयंपाकघरातलं कपाट तिनं पुढे ओढायला लावलं. मागे जमिनीपासून दोन-अडीच फूट पांढरी भुकटी फुललेली. म्हणजे लोणा. “बाई, हे बघा. ही मूळ भिंत चुन्यात बांधलेली आहे. जमिनीतली ओल वर चढली तरी चुन्यातून ती हळूहळू बाहेर निघून जाते. यांनी वरून सिमेंटचा गिलावा केलाय. ओल आत कोंडली आणि क्षार बाहेर आले.” रंग कितीही भारी लावला तरी अशी भिंत दोन पावसाळ्यांत पुन्हा फुगते. तो गिलावा काढून चुन्याचा करणे आणि बाहेरचं पाणी जोत्यापासून दूर वळवणे, हा त्यावर उपाय.

मग वर पाहिलं. सागवानी तुळया मधून छान दिसत होत्या. पण तिनं शिडी लावून तुळईचं भिंतीत गेलेलं टोक तपासलं. लाकूड कुजतं ते आधी तिथेच, कारण तिथे ओल धरून राहते आणि वारा लागत नाही. एका टोकात स्क्रू ड्रायव्हर लोण्यात जावा तसा आत गेला. शेजारी वाळवीची मातीची बारीक नळी.

मागच्या खोलीच्या स्लॅबवर तिनं हातोडीनं टकटक केली. चांगल्या जागी टणटण आवाज येत होता, दोन ठिकाणी बद्द. आतली सळई गंजली की फुगते आणि खालच्या सिमेंटला ढकलून देते. आधी बारीक रेघ पडते, मग खपली, मग एक दिवस तुकडा खाली. खाली कोण झोपलेलं असेल, हे काही तो बघत नाही!

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली होती. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पायाला हलवते. भेग जुनी, स्थिरावलेली की अजून चालू आहे, हे नुसतं बघून कळत नाही. गवंडीकाकांनी मालकांना विचारून भेगेवर आडवी काचेची पट्टी पक्की बसवली आणि वर तारीख लिहिली. म्हणाले, “बाई, एक पावसाळा जाऊ द्या. काच तडकली तर भिंत चालतेय म्हणून समजा.”

वीज तर काही विचारूच नका. वायरिंग लाकडी पट्टीतलं, अर्थिंगचा पत्ता नाही. दोन दिवे आणि एका रेडिओसाठी केलेल्या त्या वायरवर आज फ्रीज, गीझर, मिक्सर चालायचा. ते सगळं नव्यानं करून, करंट गळला तर क्षणात वीज तोडणारं यंत्र बसवणं आलंच. लोखंडी नळ आतून गंजून अरुंद झालेले, म्हणून वरच्या टाकीचं पाणी करंगळीएवढं. न्हाणीवर सिमेंटचे जुने पत्रे. त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता खूप. ते कापले-फोडले की त्याचे तंतू फुप्फुसात जातात आणि कर्करोगाला कारण होतात. दारांच्या जुन्या ऑइलपेंटचंही तसंच. घरगुती रंगात शिसं किती असावं याची ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचे थर कोरडे घासू नयेत, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

एवढं ऐकून बाईंचा चेहरा उतरला. मालकही वैतागले, “दुसरं गिऱ्हाईक तयार आहे आमच्याकडे.” तेव्हा त्या मुलीनं जे सांगितलं ते मला फार पटलं. “बाई, घर घेण्यासारखं आहे. पण या किमतीला नाही.” तिनं प्रत्येक दुरुस्तीचा खर्च कागदावर मांडून दिला.

बाई थांबल्या. मे महिना होता. दुसरं गिऱ्हाईक काही आलं नाही. सप्टेंबरपर्यंत काच शाबूत राहिली, म्हणजे पाया स्थिरावलेला. पन्हळीजवळ एक गळती मात्र सापडली, तीही त्या कागदावर चढली. मालकांनी दुरुस्तीचा बराचसा खर्च किमतीतून कमी केला.

मधल्या काळात कागदपत्रंही तपासून झाली. मिळकत पत्रिकेवर मालकांच्या वडिलांचंच नाव. मालकांना दोन बहिणी, आणि त्यांना कुणी विचारलेलंच नव्हतं! घर वडिलांचं असलं की मुलींचा वारसाहक्क आलाच. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये मुलींना मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये तो आणखी स्पष्ट केला. दोघी बहिणी आल्या, आपापला वाटा घेऊन त्यांनी खरेदीखतावर सह्या केल्या. त्यातली धाकटी मला हळूच म्हणाली, “ताई, माहेरच्या घरात आपलं काही आहे, हे पहिल्यांदाच कुणीतरी बोललं.”

मैत्रिणींनो, इंजिनिअरची फी ही घराच्या किमतीपुढे काहीच नाही. तिला बोलावण्याआधी आपणही बरंच पाहू शकतो. घर शक्यतो पावसाळ्यात बघा. कपाटं, कॅलेंडर, नवा रंग यांच्यामागे डोकावा. गोटी फरशीवर सोडा, ती कुठे धावते बघा. मोरीत बादलीभर पाणी ओता. घरातली सगळी बटणं बंद करून मीटर चालू राहतो का पाहा. विहीर आणि शोषखड्डा यांत अंतर किती आहे, विचारा. नदीकाठी असाल तर २००५, २०१९, २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, ते शेजारच्या आजींना विचारा. आणि नगरपालिकेत पूररेषा पाहा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. सातारा-कराडकडे १९६७ च्या कोयना भूकंपात, लातूर-धाराशिवकडे १९९३ च्या भूकंपात घराला काय झालं होतं, तेही विचारा. जुना भाडेकरू असेल तर तो घराबरोबर येतो, खरेदीनं त्याचा हक्क जात नाही. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च घ्या. घर फक्त बाईच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, २०२१ पासून.

घर बघायला पुरुष मंडळी पुढे आणि आपण मागे, असंच बहुतेक ठिकाणी चालतं. पण गळक्या छताखाली बादल्या कुणी मांडायच्या? फुगलेल्या भिंतीजवळचे डबे कुणी हलवायचे? मोरी तुंबली की कुणी उपसायची? ज्या घरात आपला दिवस जाणार, ते आपणच नीट पाहायला हवं. पुढच्या वेळी घरात कुणी म्हणालं, “चल, एक घर बघून येऊ,” तर पर्समध्ये टॉर्च आणि एक गोटी आठवणीनं टाका!